ओळखीचा इंग्रजी शब्द लेखणीत उतरवण्यासाठी

अग्रलेख वाचताना 'मिटिगेट' दिसला की अर्थ कळतो. पण स्वतः अहवाल किंवा निबंध लिहायला बसलं की हात 'रिड्यूस'कडेच जातो. बऱ्यापैकी इंग्रजी येणाऱ्या मराठी माणसाची गाडी बहुतेक वेळा इथेच अडलेली असते. वाचून कळणारे शब्द हजारोंनी असतात, ऐन वेळी सुचणारे मात्र त्यामानाने फार थोडे. म्हणून प्रगत शब्दसंग्रहाचं काम अनोळखी, अवघड शब्दांच्या यादीपासून सुरू करू नका. अर्धवट ओळखीचे शब्द आधी घ्या. त्यांची निम्मी मेहनत झालेली असते, आणि वाचनात ते पुन्हा पुन्हा भेटत असल्यामुळे पक्के होण्याची शक्यताही जास्त असते.

पुढची पद्धत रोज पाऊण तास देऊ शकणाऱ्यांसाठी आहे. पंचवीस मिनिटं वाचन, दहा मिनिटं जुन्या शब्दांची उजळणी आणि दहा मिनिटं नवी कार्डं तयार करणं. आठवड्यातले पाच दिवस रोज सहा नवे शब्द घ्यायचे. सहाव्या दिवशी नवीन काही नाही, फक्त लेखन. सातव्या दिवशी फक्त उजळणी. अशाने आठवड्याला तीस आणि वर्षाला साधारण दीड हजार शब्द हाताखालून जातात, आणि तेवढे पुष्कळ झाले. रोज पन्नास शब्दांचा संकल्प करणारे बहुतेक जण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थांबतात, कारण तोवर उजळणीचा ढीग आवाक्याबाहेर गेलेला असतो.

आधी पातळी बघा

कोणत्याही इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख घ्या आणि त्यातले पहिले तीनशे शब्द मोजून वेगळे करा. शब्दकोश न उघडता वाचा. ज्या शब्दाचा अर्थ सांगता येणार नाही त्याखाली लाल रेघ मारा. माणसांची आणि गावांची नावं सोडून द्या. लाल रेघा सहापर्यंत असतील तर मजकुरातले 98 टक्के शब्द तुम्हाला येतात. या पातळीला मदतीशिवाय वाचन सुखाने होतं. पंधरापर्यंत म्हणजे 95 टक्के: असा मजकूर शब्दकोश शेजारी ठेवून अभ्यासायला चांगला. तीसच्या पुढे गेलात तर तो मजकूर आत्ता बाजूला ठेवा. दर दहाव्या शब्दाला अडखळत असताना संदर्भावरून अर्थ लावणं जमत नाही, आणि वाचनातून शब्द शिकण्याचा पायाच निघून जातो.

शब्दसंग्रहाच्या अभ्यासातले न्यूझीलंडचे संशोधक पॉल नेशन यांनी 2006 साली हिशेब मांडला होता, की कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रं 98 टक्के समजून वाचायला साधारण आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक. आकडा मोठा वाटला तरी पदवीपर्यंत इंग्रजीत शिकलेल्यांनी त्यातला बराच पल्ला गाठलेला असतो.

आता तोच मजकूर निळं पेन घेऊन पुन्हा वाचा. जो शब्द कळला पण तुम्ही स्वतः कधी लिहिला किंवा बोलला नाहीत त्याखाली निळी रेघ. निळ्या रेघा लाल रेघांपेक्षा कितीतरी जास्त निघतात. पहिल्या दोन महिन्यांचं काम या निळ्या शब्दांवर करायचं.

कोणता शब्द घ्यायचा, कोणता सोडायचा

लाल शब्दांपैकी सगळे शिकण्याच्या लायकीचे नसतात. एखादा शब्द दोन वेगळ्या ठिकाणी भेटला तरच तो कार्डावर घ्यायचा, हा साधा नियम पाळला तरी निम्मा कचरा आपोआप गळतो. शब्द किती वापरातला आहे हे शब्दकोशही सांगतात. लाँगमनच्या शब्दकोशात सर्वाधिक वापराच्या नऊ हजार शब्दांपुढे लाल ठिपके असतात: तीन भरीव ठिपके म्हणजे पहिले तीन हजार, दोन म्हणजे पुढचे तीन हजार, एक म्हणजे त्यापुढचे. केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात अनेक अर्थांपुढे ए-वन (सर्वांत सोपी) ते सी-टू (सर्वांत प्रगत) अशी पातळी दिलेली असते. बी-टू, सी-वन आणि सी-टू या खुणा तुमच्या कामाच्या. कोणतीच खूण नसेल आणि शब्द तुमच्या व्यवसायातलाही नसेल, तर अर्थ बघून पुढे चला.

उच्च शिक्षणासाठी वाचणाऱ्यांनी एक यादी जरूर वापरावी: अकॅडमिक वर्ड लिस्ट. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी ती तयार केली आणि 2000 साली प्रसिद्ध केली. तिच्यात 570 शब्दकुटुंबं असून विद्यापीठीय लेखनातला साधारण दहावा हिस्सा ती व्यापतात. वापरानुसार दहा गट पाडलेले आहेत. पहिल्या तीन गटांतले 'अ‍ॅनलाइझ', 'सिग्निफिकंट', 'कन्सिस्टंट', 'प्रिन्सिपल' असे शब्द बहुतेकांना ओळखीचे असतात, पण 'कन्सिस्टंट'नंतर कोणतं अव्यय येतं (येतो 'विथ') हे विचारलं की चाचपडायला होतं. यादी वाचताना प्रश्न अर्थाचा ठेवू नका. हा शब्द वापरून आत्ता एक बिनचूक वाक्य लिहिता येईल का, हा ठेवा.

एका शब्दावर पूर्ण काम

'मिटिगेट' घेऊ. शब्दकोश शिकणाऱ्यांसाठीचाच घ्या: ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स, लाँगमन किंवा कोबिल्ड. इंग्रजी-मराठी शब्दकोश अर्थ चटकन देतो, पण शब्द वापरायचा कसा हे सांगायला त्यात जागाच नसते. लाँगमनमध्ये व्याख्या साधारण दोन हजार सोप्या शब्दांत बसवलेल्या असतात. कोबिल्ड तर व्याख्याच पूर्ण वाक्यात देतो, त्यामुळे शब्द कोणाबद्दल, कशाबरोबर वापरतात हे व्याख्येतच दिसतं.

अर्थ: एखाद्या वाईट गोष्टीची तीव्रता किंवा हानी कमी करणं. 'वाईट' हा भाग महत्त्वाचा. खर्च, वजन, किंमत 'रिड्यूस' होते. 'मिटिगेट' होतो तो धोका, परिणाम, नुकसान. म्हणून 'मिटिगेट द प्राइस' चूक आणि 'मिटिगेट द इम्पॅक्ट ऑफ द प्राइस राइज' बरोबर. पाठोपाठ येणारे शब्द: रिस्क, इम्पॅक्ट, इफेक्ट्स, डॅमेज. नाम 'मिटिगेशन'. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 मध्ये या नामाची व्याख्याच आहे, त्यामुळे पूर, दुष्काळ, दरडी यांवरच्या सरकारी कागदांत ते पदोपदी भेटतं. कायद्यात 'मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस' म्हणजे शिक्षा सौम्य करायला आधार देणारी परिस्थिती. बाज औपचारिक: मित्राला डोकेदुखी 'मिटिगेट' झाली असं कोणी सांगत नाही.

आता घोटाळ्याची जागा. 'मिटिगेट अगेन्स्ट' असं पुष्कळ जण लिहितात. ते 'मिलिटेट अगेन्स्ट'शी झालेल्या गल्लतीतून आलेलं आहे. 'मिलिटेट अगेन्स्ट' म्हणजे एखाद्या गोष्टीच्या आड येणं. 'मिटिगेट'ला अव्यय लागत नाही, कर्म थेट येतं.

हे झालं एका शब्दाचं काम. त्यात पाच गोष्टी आल्या: नेमका अर्थ, सोबतीचे शब्द, व्याकरणाची जोडणी, बाज आणि गल्लतीचा शब्द. सोबतीचे शब्द शोधायला स्केल नावाची मोफत वेबसाइट उत्तम आहे. भाषासंग्रह शोधणाऱ्या स्केच इंजिन या साधनावर ती चालते. शब्द टाकला की खरी वापरातली वाक्यं येतात, आणि 'वर्ड स्केच'वर टिचकी मारली की त्या शब्दाची नेहमीची कर्मं, विशेषणं, क्रियाविशेषणं समोर मांडली जातात.

सोबतीच्या शब्दांवर एवढा भर का, हे मराठीतूनच पटेल. पाऊस मुसळधार, थंडी कडाक्याची, ऊन रणरणतं, जंगल घनदाट. 'मुसळधार थंडी' म्हटलं तर अर्थ कळेल, पण बोलणारा परका आहे हेही त्याच क्षणी कळेल. इंग्रजीतही 'पोज अ थ्रेट', 'रेज अ कन्सर्न', 'ड्रॉ अ कन्क्लूजन', 'रीच अ कॉन्सेन्सस' अशा जोड्या ठरलेल्या आहेत. 'गिव्ह अ थ्रेट' किंवा 'टेक अ कन्क्लूजन' असं लिहिलं की मागची मराठी दिसते. त्यामुळे 'कॉन्सेन्सस' हा शब्द सुटा कधीच लिहून घेऊ नका. वहीत 'रीच अ कॉन्सेन्सस ऑन' एवढा तुकडा जायला हवा.

छटा आणि बाज

'फ्रूगल', 'थ्रिफ्टी', 'स्टिंजी', 'माइजर्ली' हे चारही शब्द गाइडमध्ये एका ओळीत समानार्थी म्हणून छापलेले असतात. मराठीत काटकसरी आणि कवडीचुंबक यांत जेवढं अंतर, तेवढंच 'फ्रूगल' आणि 'माइजर्ली' यांत आहे. शिफारसपत्रात चुकून 'स्टिंजी' गेलं तर कौतुकाची निंदा होते. 'स्लेंडर' म्हणजे सडपातळ, 'स्किनी' म्हणजे हाडकुळा, 'गॉन्ट' म्हणजे आजारपणाने किंवा उपासमारीने खंगलेला. 'सिम्पल' आणि 'सिम्प्लिस्टिक' यांत तर बरेच चांगले लिहिणारेही फसतात. 'सिम्प्लिस्टिक सोल्यूशन' म्हणजे सोपा उपाय नव्हे, गुंतागुंतीकडे डोळेझाक करणारा उपाय. कार्डावर प्रत्येक शब्दापुढे अधिक, उणे किंवा शून्य अशी खूण करा: कौतुकाचा, निंदेचा की तटस्थ. ही एक खूण पुष्कळ अनर्थ टाळते.

बाजाचंही तसंच. मेला, गेला, वारला, निधन झालं, देवाज्ञा झाली: कुठे काय बोलायचं हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. इंग्रजीत सांत्वनाच्या पत्रात 'पास्ड अवे', बातमीत 'डाइड', शोकसभेच्या ठरावात 'डिमाइज', विम्याच्या कागदावर 'डिसीज्ड'. माणसाबद्दल 'एक्सपायर्ड' हा आपल्याकडे सर्रास चालतो. परदेशातल्या वाचकाला मात्र त्यावरून औषधाची किंवा पासपोर्टची मुदत आठवते.

इथेच आणखी एक मोठा विषय येतो, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं: मराठीत आधीच रुळलेले इंग्रजी शब्द. ते आपल्याला येतात असं आपण धरून चालतो. 'मी त्याला खूप कन्व्हिन्स केलं, पण त्याने ऐकलं नाही' हे मराठीत खपून जातं. इंग्रजीत 'कन्व्हिन्स' केलं म्हणजे समोरच्याला पटलंच. पटलं नसेल तर 'ट्राइड टु कन्व्हिन्स' लिहावं लागतं. आपला 'सिन्सिअर' विद्यार्थी मन लावून अभ्यास करणारा असतो. इंग्रजीत 'सिन्सिअर' म्हणजे मनापासून बोलणारा, भावना खरी असलेला. अभ्यासू मुलासाठी 'डिलिजंट' किंवा 'कॉन्शिएन्शस'. वर्गात 'आय हॅव अ डाउट' म्हणताना आपल्याला प्रश्न विचारायचा असतो, पण परदेशी प्राध्यापकाला ते त्याच्या म्हणण्यावरचा अविश्वास वाटू शकतं. आपण 'हॉटेल'मध्ये चहा प्यायला जातो, तिथे 'हॉटेल'मध्ये मुक्काम करतात. बोलण्यात असे जेवढे शब्द येतात त्यांची वेगळी यादी करून एकेक शब्दकोशात तपासा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण परदेशात शिकायला किंवा नोकरीला जाणाऱ्यांना त्याचा लगेच उपयोग होतो.

धातू आणि उपसर्ग: मराठी वाचकाची जमेची बाजू

शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हा श्लोक आठवत असेल:

उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते ।
प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥

एकाच 'हृ' धातूला उपसर्ग लागला की अर्थ कुठच्या कुठे जातो. इंग्रजीत 'ड्यूस' या लॅटिन अंशाचं हेच होतं. त्याचा मूळ अर्थ नेणं, ओढणं. 'इंड्यूस' म्हणजे प्रवृत्त करणं, 'सिड्यूस' म्हणजे भुरळ घालणं, 'डिड्यूस' म्हणजे अनुमान काढणं, 'रिड्यूस' म्हणजे कमी करणं. धातू कळल्याने शब्द लक्षात राहायला खुंटी मिळते, अर्थ मात्र दर वेळी शब्दकोशातच बघायचा.

संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात मांडलं. त्याचा फायदा आजच्या शब्दसंग्रहाला होतो. दंत आणि 'डेंटल', अग्नी आणि 'इग्नाइट', वाचा आणि 'व्होकल', नव आणि 'नॉव्हेल', सर्प आणि 'सर्पंट' ही एकाच मुळाची माणसं. 'नव'वरून पुढे जा: 'नॉव्हिस' म्हणजे नवखा, 'इनोव्हेट', 'रेनोव्हेट'. 'सर्पंट'वरून 'सर्पंटाइन क्यू', म्हणजे मतदानाच्या बातम्यांत हमखास दिसणारी नागमोडी रांग. 'वाचा'वरून 'इक्विव्होकल', म्हणजे दोन्हीकडे अर्थ लागेल असं संदिग्ध बोलणं. मृत्यूचा भाऊबंद 'मॉर्टल'. त्याच घरातला 'मॉरिबंड' म्हणजे मरणपंथाला लागलेला, तो संस्था, उद्योग, प्रथा यांना लावतात. आणि 'मॉर्टिफाइड' म्हणजे आपण मराठीत म्हणतो तसं मेल्याहून मेल्यासारखं झालेला. असा धागा सापडला की शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही.

धातूंवर सगळा भार टाकल्यावर काय बिघडतं तेही बघा. 'इन' म्हणजे नकार असं धरलं की 'इनव्हॅल्युएबल'चा अर्थ कवडीमोलाचा असा निघेल, तर तो आहे अनमोल. 'इनफ्लेमेबल' म्हणजे चटकन पेट घेणारा. 'इनफेमस' म्हणजे अप्रसिद्ध नाही, कुप्रसिद्ध. रसायनांच्या पिंपावरचा शब्द चुकीचा लावला तर जिवावर बेतेल.

कार्ड कसं बनवायचं

एका बाजूला इंग्रजी शब्द आणि दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ असं कार्ड फक्त ओळख पक्की करतं, आणि ओळख तर आधीच आहे. कार्ड उलटं हवं: समोर प्रसंग, मागे शब्द. 'डिटर' या शब्दाचं कार्ड असं होईल.

पुढची बाजू: जबर दंड असूनही दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना जरब बसलेली नाही. खाली इंग्रजी वाक्य, मधला शब्द गाळलेला, फक्त पहिलं अक्षर दिलेलं: 'हेवी फाइन्स हॅव नॉट डि… ड्रंक ड्रायव्हर्स'.

मागची बाजू: 'डिटर्ड'. जोर दुसऱ्या अवयवावर, म्हणजे सिलॅबलवर. 'डिटर समवन फ्रॉम डूइंग समथिंग'. नामं 'डिटरन्स' आणि 'डिटरंट'. खूण शून्य.

कार्डावर इंग्रजी अर्थातच रोमन लिपीत लिहायचं, उच्चार देवनागरीत. एका कार्डावर एकच अर्थ. वाक्य दहा-बारा शब्दांच्या आत. पहिलं अक्षर दिलं नाही तर जागी बसणारे तीन-चार शब्द सुचतात आणि बरोबर उत्तर देऊनही चुकल्यासारखं होतं. आणि जवळच्या अर्थाचे शब्द एकाच दिवशी घेऊ नका. 'रिलक्टंट', 'हेझिटंट', 'अनविलिंग' एकत्र शिकले की एकमेकांत गुंततात. शब्द शिकण्यावरच्या प्रयोगांत हा परिणाम अनेकदा दिसला आहे. एक पक्का झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी दुसरा घ्या, आणि तेव्हा त्यांतला फरक कार्डावर लिहा.

उजळणीसाठी अँकी हे अ‍ॅप वापरा. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे, आयफोनवर पैसे पडतात. बसवल्यावर लगेच सेटिंग बदला: रोज नवी कार्डं मुळात वीस असतात, ती सहावर आणा. नव्या कार्डांच्या साधारण आठ-दहा पट उजळणी रोज येते. म्हणजे सहाला पन्नास-साठ कार्डं, ती दहा मिनिटांत होतात. वीसला दोनशेच्या घरात जातात आणि चार दिवस खंड पडला की अ‍ॅप उघडवत नाही. चार बटणांपैकी 'हार्ड' म्हणजे प्रयत्नाने का होईना, आठवलं. आठवलंच नाही तर 'अगेन' दाबायचं. विसरलेल्या कार्डाला 'हार्ड' देणं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. त्यामुळे अ‍ॅपला वाटतं शब्द येतो, ते कार्ड लांबवर ढकलतं आणि पुढच्या वेळी शब्द साफ गेलेला असतो.

आठ वेळा विसरलेल्या कार्डाला अँकी 'लीच' अशी खूण लावतं. ते तसंच रेटत राहू नका. वाक्य तरी वाईट असतं, नाहीतर दुसऱ्या एखाद्या शब्दाशी गल्लत होत असते. नवं वाक्य लिहा, किंवा तो शब्द महिनाभर सोडून द्या.

मोबाइलपासून लांब राहायचं असेल तर बुटांचा खोका आणि जाड कागदाची छोटी कार्डं पुरतात. खोक्यात पाच कप्पे करा: पहिला रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांनी 1970च्या दशकात लोकप्रिय केलेली ही युक्ती आजही चोख चालते.

वाचन अरुंद ठेवा

रोज वेगळा विषय वाचला की नवे शब्द एकेकदाच भेटून निघून जातात. महिनाभर एकच विषय धरा. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण घ्या: सहा सदस्यांच्या समितीचं निवेदन, त्यावरच्या बातम्या, दोन-तीन अग्रलेख. 'स्टान्स', 'अकॉमोडेटिव्ह', 'रेझिलिअंट', 'ऑफसेट', 'हेडविंड्स', आणि क्रियापद म्हणून 'अँकर' आणि 'मॉडरेट' हे शब्द आठवडाभरात पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यातले 'रेझिलिअंट' आणि 'ऑफसेट' पुढे कुठल्याही लेखनात चालतात. जून ते सप्टेंबरात मान्सूनच्या बातम्यांनी हेच काम होतं. युक्तिवादाची प्रगल्भ, औपचारिक इंग्रजी हवी असेल तर संविधान सभेतल्या चर्चा वाचाव्यात; त्या मोफत उपलब्ध आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण त्यांत अग्रभागी ठेवावं असं आहे. त्यातला एक परिच्छेद घ्या आणि कोणतं क्रियापद कोणत्या नामाबरोबर आलंय एवढंच बघत जा.

वाचताना दर शब्दाला थांबू नका. समासात टिंब द्या, परिच्छेद संपवा, अर्थाचा अंदाज पेन्सिलीने लिहा आणि मग शब्दकोश उघडा. अंदाज चुकला तरी तो केलेला असल्यामुळे खरा अर्थ जास्त टिकतो.

लेखनाचा दिवस

इथे सर्वांत जास्त उपयोगी पडतं ते दुहेरी भाषांतर. इंग्रजी अग्रलेखातला शंभर शब्दांचा परिच्छेद घ्या आणि त्याचं चांगलं मराठी करा. शब्दाला शब्द ठेवू नका, मराठी माणूस लिहील तसं लिहा. मूळ कागद बाजूला ठेवा. दोन दिवसांनी, लेखनाच्या दिवशी, आपल्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी करा आणि मुळाशी ताडून बघा.

समजा मूळ वाक्य होतं, 'द न्यू रूल इज अनलाइकली टु डिटर हॅबिच्युअल ऑफेंडर्स'. मराठी झालं: नव्या नियमामुळे सराईत गुन्हेगारांना जरब बसेल असं वाटत नाही. परत येताना हातून उतरलं, 'बिकॉज ऑफ द न्यू रूल, रेग्युलर क्रिमिनल्स विल नॉट फिअर मच'. व्याकरण ठीक, पण तीन जागा उघड्या पडल्या. 'अनलाइकली टु' ही रचना माहीत असूनही सुचली नाही. 'सराईत'साठी 'हॅबिच्युअल' आला नाही. आणि 'मुळे'च्या धाकाने वाक्य 'बिकॉज ऑफ'ने सुरू झालं, जिथे इंग्रजी सरळ नियमालाच कर्ता करते. या तीन जागा म्हणजे पुढच्या आठवड्याची तीन कार्डं. कोणत्याही तयार यादीपेक्षा ही कार्डं मोलाची, कारण ती तुमच्याच उणिवेतून निघालेली असतात.

त्याच दिवशी आठवड्यातल्या तीस शब्दांपैकी चार-पाच वापरून दीडशे शब्दांचा परिच्छेद लिहा, तोही खऱ्या कामाचा: सोसायटीला पत्र, वरिष्ठांना ई-मेल, एखाद्या बातमीवर मत. सगळे तीस कोंबायला गेलात तर मजकूर फुगतो. चॅटबॉटकडून तपासून घेणार असाल तर 'कसं वाटलं' असं विचारू नका, तो स्तुती करतो. 'कोणती शब्दजोडी मूळ इंग्रजी भाषकाला खटकेल, आणि का' असं विचारा, आणि उत्तर शब्दकोशात पडताळून घ्या.

उच्चार

डोळ्यांनी शिकलेला शब्द बोलताना दगा देतो. 'एपिटोम' नाही, 'इपिटमी'. 'हायपरबोल' नाही, 'हायपर्बली'. 'इंडिक्ट' नाही, 'इंडाइट'. 'ऑरी' वाचला जाणारा शब्द 'अराय' आहे. 'सटल'मध्ये 'बी' मुका. सावध या अर्थाचा 'वेअरी' आणि थकलेला या अर्थाचा 'विअरी' हे दोन वेगळे शब्द आहेत. दोघांनाही 'ऑफ' लागत असल्याने लिहितानाही गफलत होते. जोराचा अवयव कार्डावर अधोरेखित करा. 'इक', 'इटी', 'शन' यांनी संपणाऱ्या बहुतेक शब्दांत जोर त्या शेवटाच्या लगेच आधीच्या अवयवावर पडतो, एवढा एक नियम शेकडो शब्दांना पुरतो. ऑनलाइन शब्दकोशातला ध्वनी ऐकून तीनदा मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात नको.

परीक्षेसाठी करत असाल तर

परीक्षा काय मागते त्यावर कार्डं बदलतात. परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या जीआरई परीक्षेतून विरुद्धार्थी शब्द आणि उपमा-संबंधांचे प्रश्न 2011 सालीच गेले. आता वाक्यातली रिकामी जागा असते, म्हणून वर सांगितलेलं गाळलेल्या शब्दाचं कार्ड तिथे जसंच्या तसं चालतं. इंग्रजीची पातळी तपासणाऱ्या आयईएलटीएस परीक्षेच्या लेखनात शब्दसंपत्तीला चौथा हिस्सा गुण आहेत आणि सात बँडच्या वर्णनात कमी वापरातल्या शब्दांबरोबरच शैली आणि शब्दजोड्यांची जाण मागितली आहे. 'प्लेथोरा' आणि 'मिरिअड' प्रत्येक निबंधात पेरल्याने गुण वाढत नाहीत, चुकीच्या जागी पेरल्याने कमी होतात. सीडीएस (सैन्यदलांतल्या अधिकारी भरतीची परीक्षा) आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांत मात्र समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार असे सुटे प्रश्न अजून येतात. त्यांच्यासाठी शब्द आणि अर्थ असं सरळ कार्ड पुरतं. ते वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा आणि परीक्षा झाली की तो गठ्ठा बंद करा.

दर तीन महिन्यांनी तीनशे शब्दांची चाचणी नव्या अग्रलेखावर पुन्हा घ्या. लाल रेघा सावकाश कमी होतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. निळ्या रेघा बघा. त्या तशाच राहिल्या असतील तर उजळणी चालू आहे आणि लेखनाचा दिवस बुडतो आहे असं समजा, आणि पुढचा महिनाभर नवी कार्डं रोज सहावरून तीनवर आणून तो वेळ दुहेरी भाषांतराला द्या.